लोगो दिसला होता, म्हणजे बोर्ड गेलेला नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो. लग्नसराईच्या आधी मशीन हवं म्हणून वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून मदत केली. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, रॅमच्या चार स्लॉटचा बी६५० मदरबोर्ड, एनव्हीएमई एसएसडी (विंडोज आणि फायली साठवायची डिस्क) आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) ऑनलाइन मागवला. १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक वेगवेगळ्या पाकिटांतल्या आहेत, ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड आहे. पहिल्या संध्याकाळी लोगो आला, बायोस (विंडोजच्या आधीचा, बोर्डच्या सेटिंगचा पडदा) उघडलं. विंडोज भरायला घेतलं, १०० टक्के झालं, मशीन आपोआप बंद होऊन सुरू झालं आणि पुन्हा भाषा निवडायचा पडदा आला. दोनदा तसंच. काहीतरी सेटिंग चुकलं असेल म्हणून एका व्हिडिओत पाहून बायोसमध्ये रॅमचा वेग ६००० केला. तेव्हापासून पडदा काळा. पंखे फिरतात, दिवे लागतात, बोर्डवर ‘डीरॅम’जवळचा पिवळा दिवा लागून राहतो. मिनिटभर वाट पाहून बंद करतो, बॅटरी काढून लावतो, पुन्हा तेच. केसला हात लागला की झिणझिण्या येतात. तालुक्यातला दुकानदार बघताच म्हणाला, ‘बोर्ड गेला, ठेवून जा.’ परत करायची मुदत तीन दिवसांत संपते. वडील म्हणतात, तयार मशीन आणलं असतं तर ही वेळ आली नसती. बोर्ड परत पाठवू, दुकानात टाकू, की मीच काहीतरी जाळलंय?

---

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात: पहिल्या संध्याकाळी लोगो आला आणि बायोस उघडलं. लोगो पडद्यावर यायचा तर प्रोसेसर जागा व्हावा लागतो, रॅम ओळखली जावी लागते, चित्र बाहेर पडावं लागतं आणि एसएमपीएसने या सगळ्यांना नीट वीज द्यावी लागते. विंडोजच्या फायली १०० टक्के उतरल्या म्हणजे एसएसडीही चालली. सुटे भाग त्या संध्याकाळी एकत्र काम करत होते. त्यानंतर तुम्ही एकच गोष्ट बदलली, रॅमचा वेग. मग ‘बोर्ड गेला’ हे निदान आलं कुठून? कोणता भाग बदलून पाहिला, हे दुकानदाराला विचारा. बदललाच नसेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाजावर बोर्ड परत करायचा नसतो.

तुम्ही गृहीत धरलंय की बिघाड एकच आहे आणि तो वाढत गेला. माझ्या मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली तर बिघाडच नाही.

विंडोज भरताना फायली उतरल्या की मशीन स्वतःहून रीस्टार्ट होतं आणि उरलेलं काम एसएसडीवरून पुरं करतं. तुम्ही बायोसमध्ये बूट ऑर्डरला पेनड्राइव्ह पहिला ठेवला असणार आणि तो काढलाही नसणार. त्यामुळे मशीन पुन्हा पेनड्राइव्हवर गेलं आणि पहिल्यापासून भाषा विचारू लागलं. पहिला रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह उपसून घ्यायचा, एवढंच. त्याहून बरं म्हणजे बूट ऑर्डरला हातच लावू नये. मशीन सुरू होताना एकदाच लागू होणारा बूट मेन्यू उघडावा: एसूसवर एफ८, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. तिथून पेनड्राइव्ह निवडला की पुढच्या वेळी मशीन आपसूक एसएसडीकडे जातं. विंडोज भरताना जुनी हार्डडिस्क जोडलेली ठेवू नका. विंडोज कधीकधी आपली बूटची फाइल त्या जुन्या डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

आता काळा पडदा. इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण डीडीआर५ घेणाऱ्या बहुतेकांची घालमेल इथेच होते.

डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या तारांवर सिग्नल इतक्या वेगात धावतात, की प्रत्येक तारेची वेळ आणि व्होल्टेज बोर्डला आधी जुळवून घ्यावं लागतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. हे चालू असताना पडदा पूर्ण काळा असतो, पंखे फिरत असतात आणि नेमका तो डीरॅमचा दिवा लागलेला असतो. म्हणजे ‘रॅममध्ये दोष’ आणि ‘रॅमचं काम चालू आहे’ या दोन्ही अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात. ३२ जीबीला बहुधा २ ते ५ मिनिटं लागतात, पण १० ते १५ मिनिटंही लागू शकतात. मध्ये मशीन स्वतःच एकदोनदा बंद होऊन सुरू होतं, तेही नेहमीचंच. एकदा जुळलं की बोर्ड ती मापं साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी लवकर सुरू होतो.

रॅमचा वेग बदलला, स्टिक हलवली किंवा बॅटरी काढली की हे सगळं नव्याने. तुम्ही वेग बदललात, बोर्ड जुळवाजुळव करू लागला, मिनिटभरात तुम्ही बंद केलंत. मग बॅटरी काढलीत, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा मिनिटभरात बंद. चुलीवरचं झाकण दर मिनिटाला उघडून भात का शिजत नाही म्हणावं, तसं झालंय हे. यात तुम्ही काही जाळलेलं नाही.

अर्थात ६०००चा वेग तुमच्या रॅमला झेपलाच नाही, हीही शक्यता आहे. रायझन ५ ७६०० अधिकृतपणे दोन स्टिकसह ५२०० पर्यंतच्या वेगाची हमी देतो. पाकिटावर लिहिलेला ६०००चा आकडा बायोसमधलं एक्स्पो हे तयार प्रोफाइल लावल्यावर मिळतो, आणि तो एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच, म्हणजे हमीपेक्षा जास्त वेगाने चालवणं असतं. त्यात तुमच्या दोन स्टिक वेगवेगळ्या पाकिटांतल्या. कंपनी एक, मॉडेल एक असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, म्हणूनच कंपन्या दोन स्टिकचा जोड एकाच पाकिटात तपासून विकतात. सुट्या जोडल्या तर त्या साध्या वेगाला बहुधा चालतात, वरच्या वेगाला अडतात.

आज संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. घाई नको, आणि एका वेळी एकच बदल.

प्लग काढा. पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट उतरतो. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पेनड्राइव्ह, केसच्या पुढच्या यूएसबीची वायर, सगळं काढून ठेवा. रॅमची एकच स्टिक ठेवा आणि ती प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. बोर्डवर तिथे ए२ छापलेलं असतं. खटका दोन्ही टोकांना (काही बोर्डांवर एकाच टोकाला) ऐकू आला पाहिजे. नवीन स्लॉट कडक असतात, आणि अर्धवट बसलेली स्टिक वरून बसल्यासारखीच दिसते. मॉनिटरची एचडीएमआय केबल बोर्डलाच जोडा, कारण ७६०० मध्ये चित्र दाखवायची सोय आतच आहे. ७५००एफ किंवा ज्याच्या नावात शेवटी ‘एफ’ आहे असा इंटेल घेतलेल्यांनी हे करू नये. त्यांना ग्राफिक्स कार्डाशिवाय काहीच दिसणार नाही. जुन्या एएम४ सॉकेटवरच्या साध्या रायझन ५६०० चंही तेच.

मग बोर्डवरच्या ‘सीएलआर सीमॉस’ लिहिलेल्या दोन पिना, प्लग काढलेलाच असताना, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने १० सेकंद जोडून धरा. त्याने ६०००चं सेटिंग पुसलं जातं. हे एकदाच करायचं. प्लग लावा, बटण दाबा आणि उठून जा. घड्याळ लावून १५ मिनिटं मशीनला हात लावायचा नाही. लाइट जायची शक्यता असेल ती वेळ टाळा.

बहुधा पडद्यावर काहीतरी लिहिलेलं दिसेल, पण लगेच विंडोज नाही. नवीन बोर्ड इथे एकदोन प्रश्न विचारतो, आणि मशीन पुन्हा अडकलं असं वाटतं. नवीन प्रोसेसर सापडला, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का, असं विचारलं तर ‘वाय’ दाबा. तुमच्या एसएसडीवर अजून जपण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे गमवायलाही काही नाही. जुनी, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलेली डिस्क जोडणाऱ्यांनी मात्र रिकव्हरी कीचा ४८ आकडी नंबर हाताशी असल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये. ‘सीपीयू फॅन एरर’ आलं तर कूलरची वायर ‘सीपीयू फॅन’ सोडून दुसऱ्याच पिनांवर लागली आहे.

बायोस उघडलं की तापमान बघा. नुसतं बायोसमध्ये बसलेलं मशीन ८०-९० अंशांकडे चढत असेल तर थांबा; कूलरच्या बुडाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलं असेल, किंवा कूलर एका कोपऱ्यात उचललेला असेल. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. स्क्रू आवळताना समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडेथोडे फिरवायचे. एका बाजूने घट्ट आणि दुसरीकडे सैल झालं तर प्रोसेसरचा सॉकेटमधल्या पिनांवरचा दाब असमान होतो, आणि रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होतो. दोष कूलरचा असतो, नाव रॅमचं होतं.

सगळं ठीक दिसलं तर दुसरी स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये. दोन्ही स्टिक शेजारीशेजारी लावायच्या नाहीत. दुसरा आणि चौथा स्लॉट ही जोडी. पुन्हा १५ मिनिटांची मुभा द्या. मग एसएसडी, मग विंडोज, आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. विंडोज ११ इंटरनेट मागून अडून बसलं तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, बहुतेक वेळा भागतं.

एका स्टिकने १५ मिनिटांत काहीच दिसलं नाही तर त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक लावून बघा. एक चालली आणि दुसरी नाही, तर दोषी सापडला. बोर्डशी त्याचा संबंध नाही. दोन्ही नाही चालल्या तर प्रोसेसरची वीज तपासा. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनांची वेगळी केबल लागते. एसएमपीएसच्या त्या केबलवर ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं, आणि ती ४ अधिक ४ अशी फुटते. ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी फुटते. दोन्हींच्या पिनांचे आकार मुद्दाम वेगळे केलेले असतात, तरी जोर लावून चुकीची बसवणारे असतात. कोणत्याही केबलला जोर लावावा लागतोय असं वाटलं की हात थांबवायचा. केबल सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल चुकूनही वापरू नका. टोक तेच दिसतं, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. तिथे मात्र खरंच जळतं.

तरीही नाही, तर कूलर उतरवून सॉकेट बघायचा. एएम५ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, पिना बोर्डच्या सॉकेटवर असतात, प्रोसेसरवर नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा. रांगेत एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. बोट लावू नका, सुईने सरळ करायला जाऊ नका. हे दिसल्यावरच बोर्डचा विचार.

ज्यांचं लक्षण तुमच्यासारखं नाही त्यांच्यासाठी थोडं. बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदात सगळं विझत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. बहुतेकदा बोर्डखाली नको तिथे पितळी स्टँड राहिलेला असतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघावं. ‘व्हीजीए’चा, म्हणजे ग्राफिक्सचा दिवा असेल आणि मॉनिटरची केबल कार्ड सोडून बोर्डला असेल तर आधी ती बदला. ‘बूट’चा दिवा हा सगळ्यात सौम्य: डिस्क सापडत नाही किंवा तीवर विंडोजच नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंटेलच्या मशीनवर विंडोज भरताना एसएसडी दिसतच नसेल तर बायोसमधलं ‘व्हीएमडी’ (इंटेलची डिस्क हाताळायची एक सोय) बंद करून बघा.

झिणझिण्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मी ते हलक्यात घेणार नाही. एसएमपीएसच्या आत मेन लाइन आणि केस यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर केसवर मेनच्या जवळपास निम्मं व्होल्टेज बसतं आणि बोटाला कळतं. करंट फार थोडा असतो, पण त्याचा सरळ अर्थ असा की तुमच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही, किंवा तुम्ही दोन पिनांची एक्स्टेंशन वापरताय. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज आणि अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थ २-३ व्होल्टच्या आत. तिसरं माप १०-१५ निघालं तर अर्थिंगचा खड्डा बघायला हवा. आपल्या काळ्या मातीत हा त्रास ठरलेला: पावसाळ्यात अर्थिंग ठणठणीत, आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की पाइपाभोवतीची माती सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालणारी घरं आहेत, ती उगाच नाही.

व्होल्टेजही बघून घ्या. संध्याकाळी डीपीवर लोड चढला की अनेक गावांत १८० च्या खाली उतरतं. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० लिहिलं असेल तर तो तग धरतो. २०० ते २४० असेल तर त्या वेळी मशीन अधूनमधून रीस्टार्ट होईल आणि तुम्ही पुन्हा रॅमला दोष द्याल. चाचणी घरच्या इन्व्हर्टरवर करू नका. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर नव्या एसएमपीएसना नीट मानवत नाही. दुपारी, व्होल्टेज बरं असताना, सरळ लाइटवर करा.

आता तीन दिवसांचा प्रश्न. वेबसाइटची परत घ्यायची मुदत आणि कंपनीची वॉरंटी या वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्डवर आपल्याकडे साधारणपणे ३ वर्षांची वॉरंटी असते, रॅमवर त्याहून जास्त. मुदत गेली म्हणजे पैसे बुडाले असं नाही. चकरा वाढतात, हे खरं. म्हणून आज आणि उद्या वर सांगितलेलं करा. तरीही एक स्टिक, रिकामा बोर्ड, सरळ पिना आणि बरोबर केबल असूनही काही दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी परतीची विनंती टाका. पाठवताना सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण पुन्हा बसवायचं. ते नसलं किंवा पिना वाकलेल्या निघाल्या तर वॉरंटी नाकारली जाते, म्हणून झाकण लावण्याआधी पिनांचा आणि सिरियल नंबरचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. बिलांची छायाचित्रंही.

दुकान हा पर्याय मी बाद करत नाही. पण ‘ठेवून जा’ म्हणणाऱ्याकडे नको. डीडीआर५ची दुसरी स्टिक ज्याच्याकडे आहे, अशा दुकानात जा. तालुक्याला नसेल तर परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरला मिळेल. आख्खी केस एसटीतून हिंदकळत नेण्यापेक्षा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम खोक्यात न्या आणि समोर बसून अदलाबदल करून घ्या. त्याने तपासणीचे पैसे मागितले तर द्या, तो त्याचा हक्क आहे.

वडिलांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. तयार मशीनला एकच बिल आणि एकच वॉरंटी, फोन करायला एकच नंबर. सुट्या भागांत प्रत्येकाचं बिल आणि वॉरंटी वेगळी, आणि जुळवणी करणारे तुम्ही. त्या बदल्यात उद्या रॅम वाढवायची किंवा कार्ड बदलायचं तर कुणाला विचारायला नको. त्यांना हे सांगायचं असेल तर आधी मशीन चालू करून मग सांगा, नाहीतर शब्द वाऱ्यावर जातील.

चालू झाल्यावरही ६००० च्या मागे लगेच लागू नका. आधी बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नवीन बायोस घाला, यूपीएस लावून आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट करून. एएम५ चे बोर्ड २०२२ च्या अखेरीस आले तेव्हाच्या बायोसमध्ये मेमरी ट्रेनिंग फार रेंगाळायचं. शिवाय एक्स्पो लावल्यावर काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यानंतर, २०२३ मध्ये नव्या बायोसने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बोर्ड गोदामात किती दिवस पडून होता हे तुम्हाला ठाऊक नाही, त्यामुळे अपडेटआधी एक्स्पो नकोच. नंतर ५२०० लावा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा. एकही चूक निघाली नाही तर ५६०० बघा. व्हिडिओ एडिटिंगमध्ये ५२०० आणि ६००० मधला फरक तुमच्या ग्राहकाला कळणार नाही. रेंडर ९० टक्क्यांवर असताना मशीन बसलं तर मात्र लगेच कळेल.

सेकंडहँड कार्ड लावाल तेव्हा विकणाऱ्याशी बोलणं अजून चालू ठेवलेलं असू द्या. त्याच दिवशी अर्धा तास लोड देऊन बघा: पंखे सगळे फिरतात का, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का. आणि त्याला वीज द्यायला एसएमपीएससोबत आलेलीच केबल वापरा.